व्हर्लिनच्या हयातीचा दाखला

व्हर्लिन टॉलेफ्सनला जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा त्याने इंटरनेटविषयीचं आपलं मत जाहीर केलं. त्याच्या बायकोला ते कळलं मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी, धाकट्या दिराकडून. लोवेल बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर न झटकताच स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि एवढ्यावरूनच आर्डिसने ओळखलं की काहीतरी विपरीत घडलं आहे.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"गेलं कोणी नाही, वहिनी. उलटं झालंय." लोवेलने कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "दादा बोललाय."

राज्याच्या राजधानीतल्या आयोगाने त्या महिन्यात जनतेची मतं मागवली होती. प्रश्न साधा होता: इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपल्या तारांमधून जाणाऱ्या वाहतुकीची वर्गवारी करू द्यावी की नाही, कोणाला पुढे काढावं, कोणाला थांबवावं, कोणाला रखडवत न्यावं, हे तिने ठरवावं की कोणीच ठरवू नये. देशाचा नियम सहा वर्षांपूर्वी मोडीत निघाला होता, आता राज्य स्वतःचा करू पाहत होतं. स्वेनबी गावात कंपनी एकच, नॉर्डवेल, आणि तिने कोणाच्या मताची वाट पाहिलेली नव्हती. तिने रांगा केव्हाच लावल्या होत्या. पहिल्या रांगेत तिचे स्वतःचे चित्रपट, दुसरीत तिच्याशी करार केलेल्या बड्या मंडळींचा माल, आणि तिसरीत उरलेलं जग. लोवेलने या विषयावर आयोगाला चार पानी मत पाठवलं होतं. ते आयोगाच्या पानावर कसं दिसतं हे पाहायला गेला असता त्याला स्वतःच्या नावाच्या बरोबर खाली भावाचं नाव सापडलं.

आर्डिसने चष्मा लावून वाचलं. "'मी एक कष्टाळू मिनेसोटावासी व लघुउद्योजक असून, वाहतुकीच्या कल्पक व्यवस्थापनातून लाभलेल्या निवडस्वातंत्र्यामुळे माझ्या कुटुंबाचं जीवन समृद्ध झालं आहे. सरसकट समानतेच्या कालबाह्य कल्पनेने प्रगतीचे पंख छाटले जाऊ नयेत, ही नम्र विनंती. आपला, व्हर्लिन ए. टॉलेफ्सन.'"

"लघुउद्योजक," लोवेल म्हणाला. "दादाने आयुष्यात एकदा लिंबूसरबत विकलं. तेही मीच पिऊन टाकलं होतं."

"तो एका दमात एवढं बोलला असता," आर्डिस म्हणाली, "तर मी त्याला दवाखान्यात नेलं असतं."

व्हर्लिनने एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला होता. पहाटेच्या त्या आंधळ्या पांढऱ्या शांततेत तो गावाच्या पूर्व टोकापासून निघे आणि रस्त्यावर जे घर ज्या क्रमाने येई त्या क्रमाने त्यापुढचा बर्फ काढी. बँकेच्या अध्यक्षांनी एकदा आपलं फाटक आधी मोकळं व्हावं अशी इच्छा त्याच्या कानावर घातली होती. व्हर्लिन "हं" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशीही अकराव्या नंबरावरच त्यांच्या फाटकाशी पोहोचला, कारण ते घर अकरावं होतं. त्याला ना तत्त्वज्ञान होतं ना भाषण येत होतं. बायकोशी, पाद्र्याशी आणि डॉक्टरशी मिळून त्याचं काम तीन उद्गारांत भागे: "हं", "बरं" आणि "वाईट नाही". अशा माणसाच्या नावाखाली कोणीतरी प्रगतीचे पंख चिकटवले होते. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालणारे पुष्कळ असतात. पण त्याच्या तोंडी इतकं वाईट गद्य घालायला कंपनी लागते.

"हे नाव तिथून निघालं पाहिजे," आर्डिस म्हणाली.

तिने आयोगाला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय सौजन्याने बोलली. ज्यांच्या हातात काहीच नसतं त्यांच्यापाशी सौजन्याचा साठा मोठा असतो.

"मत मागे घेता येतं, मॅडम. ज्यांनी दिलं त्यांनीच घ्यायला हवं."

"ते वारले."

"अरेरे. मत दिल्यानंतर?"

"मत द्यायच्या सहा वर्षं आधी."

पलीकडे काहीतरी टंकलं गेल्याचा आवाज आला. "मग मृत्यूचा दाखला पाठवा. आम्ही तो कंपनीला दाखवून खातरजमा करून घेऊ. हे मत त्यांच्या नॉर्डवेलच्या ग्राहकखात्यावरून आलंय ना, म्हणून."

आर्डिसने "बघू या" म्हणून फोन ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"दाखला फडताळात आहे ना?" लोवेलने विचारलं. "मग अडलं कुठे?"

अडलं होतं ते एका जुन्या गुपितापाशी, आणि लोवेलला त्यातलं अर्धंच ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी व्हर्लिनने नॉर्डवेलशी जो करार केला त्यात एक कलम होतं: या जोडणीवरून जाणाऱ्या सर्व वाहतुकीला समान वागणूक मिळेल, मूळ ग्राहक हयात असेपर्यंत. त्या काळी अशी कलमं शोभेसाठी घालत. पुढे रांगा आल्या, पण जुन्या करारांना हात लावता येईना. कंपनीच्या बोलीत अशा लोकांना 'आजोबा ग्राहक' म्हणत, आणि आजोबांचं जे व्हायचं तेच होण्याची ती निमूट वाट पाहत असे. व्हर्लिन गेल्यावर आर्डिसने नाव बदलायला फोन केला होता. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, नाव बदललं की नवी योजना, नवी योजना म्हणजे रांगा, आणि घरगुती दृक्-संभाषण, म्हणजे व्हिडिओ कॉल, तिसऱ्या रांगेत. आर्डिसने नाव बदलायचं राहू दिलं आणि त्या क्षणापासून व्हर्लिन पुन्हा जगू लागला.

कारण होतं मार्व्हेल. आर्डिसची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी, दुलुथमध्ये एकटी राहणारी. दोघींची भाषा हातांची होती, आणि तीही कोणत्या शाळेची नव्हे. लहानपणी गोठ्यात, धारा काढता काढता त्यांनी ती स्वतः घडवलेली. जगात ती बोलणाऱ्या दोनच व्यक्ती होत्या. रोज सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरातल्या पडद्यावर मार्व्हेल उगवे आणि तासभर दोघींचे हात चालत. एकदा, नुसतं पाहावं म्हणून, त्यांनी लोवेलच्या घरून बोलून पाहिलं होतं. तिसऱ्या रांगेत हात निघतात एका जागेहून आणि पोहोचतात तुकड्यांनी. मार्व्हेलचा हात अर्ध्या वाक्यात गोठला, पुन्हा हलला तेव्हा मधले चार शब्द गळालेले होते, आणि आर्डिसने तासभर अशी समजूत करून घेतली की बहिणीने मांजर शिजवलं. प्रत्यक्षात तिने मांजराला अंघोळ घातली होती. ऐकणाऱ्याला आवाज तुटला तरी अर्थ लागतो. हात तुटले की माणूसच तुटतं.

कंपनीने चौकशी केलीच तर आर्डिस घशातून व्हर्लिन काढी. तीन उद्गार, मध्ये लांब विराम. नक्कल कठीण नव्हती. कंपनीचं समाधान तर इतकं झालं की तिच्या दप्तरी व्हर्लिनची नोंद 'अत्यंत समाधानी ग्राहक' अशी होती. सहा वर्षांत एक तक्रार नाही, एक प्रश्न नाही, आवाज चढवणं नाही. कंपनीला हवा तसा ग्राहक व्हायचं तर आधी मरावं लागतं, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. म्हणूनच सह्या उसन्या घ्यायची वेळ आली तेव्हा यंत्राने पहिलं नाव त्याचं काढलं.

"म्हणजे दाखला पाठवला तर मार्व्हेल जाते," लोवेल सावकाश म्हणाला, "आणि नाही पाठवला तर दादा लघुउद्योजक राहतो."

"मी कंपनीलाच सांगते. म्हणजे, तो सांगेल."

तिने घसा खाकरला आणि नॉर्डवेलच्या 'ग्राहक-आनंद विभागा'ला फोन लावला. केंडल नावाचा तरुण बोलत होता, टेक्सासहून.

"टॉलेफ्सन सर, काय योग आहे बघा. मी तुम्हालाच फोन करणार होतो. तुमचं मत आमच्या वरिष्ठांना फार आवडलं."

"माझं नाही ते," आर्डिस व्हर्लिनच्या आवाजात म्हणाली. सलग तीन शब्द म्हणजे व्हर्लिनच्या हिशेबी व्याख्यान होतं.

"हा तुमचा विनय झाला, सर. आवाज बसलाय का आज?"

"हं."

"काळजी घ्या. तर आमचं असं ठरलंय की सुनावणीत तुमच्या मताचं वाचन करायचं, फोटोसकट. येत्या मंगळवारी मी स्वतः तुमच्या घरी येतो. कसं वाटतं?"

इथे स्वेनबीची रीत आडवी आली. या गावात कोणी कोणाला नकार देत नाही. नको असलेली गोष्ट समोर आली तर माणसं "बघू या" म्हणतात, आणि संताप अगदी अनावर झाला, म्हणजे दुसरीकडे ज्या ठिकाणी खुर्च्या फेकल्या जातील त्या ठिकाणी, खाली पाहून म्हणतात, "हे जरा वेगळंच आहे." ते वाक्य एकदा कानावर आलं की पाद्रीसुद्धा प्रवचन आवरतं घेतो. आर्डिसने आयुष्यात ते तीनदाच वापरलं होतं. आता तिने डोळे मिटले आणि आपल्याजवळचं सगळ्यात जड शस्त्र उचललं.

"हे जरा वेगळंच आहे," ती म्हणाली.

"हो ना, सर? आम्हालाही अगदी तसंच वाटलं. मंगळवार, सकाळी नऊ."

फोन बंद झाला. आर्डिस त्याच्याकडे पाहत राहिली. "मी त्याला एवढं वाईट बोलले, आणि तो खूश होऊन गेला."

"ते लोक शब्दाला शब्द धरतात, वहिनी," लोवेल म्हणाला. "त्यांच्यात नाही म्हणायचं असेल तर नाही असंच म्हणावं लागतं म्हणे."

"तोंडावर?"

"तोंडावर."

दोघंही थोडा वेळ त्या रानटीपणाचा विचार करत बसली.

मंगळवारपर्यंत एक नवरा उभा करणं भाग होतं, आणि नवऱ्याच्या बांध्याचा माणूस गावात एकच होता. लोवेलने व्हर्लिनचा तपकिरी स्वेटर घातला, तो बरोबर बसला. प्रश्न मिशीचा आला.

"दादाला मिशी नव्हती हे त्यांना काय माहीत?"

"जुन्या ओळखपत्राचा फोटो असेल त्यांच्याकडे."

"चाळीस वर्षांची मिशी आहे, वहिनी. सैन्यातून सुटलो तेव्हाची."

"भाऊजी," आर्डिस म्हणाली, "मी तुम्हाला आजवर काही मागितलंय?"

लोवेल न्हाणीघरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा वरचा ओठ इतका उघडा आणि लाजरा दिसत होता की आर्डिसने नजर वळवली.

"आता बोलायचं काय, ते ऐका," ती म्हणाली. "'हं', 'बरं', 'वाईट नाही'. चौथा शब्द काढायचा नाही."

"माझी लाइन तीन वर्षं रडतेय, त्यावर एक वाक्य तरी?"

"तुम्ही तुम्ही नाही आहात. तुम्ही ते आहात. आणि त्यांची लाइन उत्तम आहे."

लोवेलला कंपनीविरुद्ध बोलायची सवय अशी होती की जेवणाच्या प्रार्थनेतही तो नॉर्डवेलला स्मरे. त्याला तीन उद्गारांत कोंडणं म्हणजे बंबाच्या नळीला बूच मारणं होतं.

केंडल नऊला यायचा तो पावणेदहाला आला, कारण त्याची भाड्याची गाडी फाटकाजवळच्या बर्फात रुतली होती. अंगावर पातळ कोट, पायात नाजूक बूट, चेहऱ्यावर विमानतळावरचं हसू. आर्डिसने कॉफी विचारली. तो नको म्हणाला, म्हणून तिने ओतली. तो खरंच नको म्हणाला, म्हणून तिने बरोबर केकचा तुकडा ठेवला. तिसऱ्यांदा नको म्हणाल्यावर तिने कप त्याच्या हातात दिला; इतका अदबशीर मुलगा तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"टॉलेफ्सन सर," केंडलने टॅबलेट बाहेर काढून लोवेलचा फोटो घेतला, "प्रकृती कशी?"

"वाईट नाही."

"आमची सेवा?"

लोवेलच्या मानेवरची शीर उडू लागली. "बरं," तो म्हणाला.

केंडलने बोट फिरवून काहीतरी वर पाठवलं. "भेट नोंदवली. आणि सर, एक राहिलंच. आपल्या बंधूंच्या निधनाबद्दल आमच्या विभागातर्फे मनःपूर्वक सांत्वन. उशीर झाला, पण इथे नोंद दिसतेय. लोवेल टॉलेफ्सन, शेजारचं घर, सहा वर्षांपूर्वी."

लोवेलने हळूहळू मान वळवून वहिनीकडे पाहिलं. आर्डिस भरलेल्या कपात कॉफी ओतत होती. हाच तो गुपिताचा दुसरा अर्धा भाग. सहा वर्षांपूर्वी त्या गोड आवाजाच्या मुलीने विचारलं होतं, मग घरात वारलं तरी कोण, आणि रांगांच्या धसक्याने आर्डिसच्या तोंडून जे पहिलं नाव निघालं ते निघालं.

"हं," लोवेल म्हणाला. त्या एका अक्षरात चाळीस वर्षांच्या मिशीचं दुःख होतं.

"त्यांच्या खात्यावरून अजूनही तक्रारी येतात," केंडल सहानुभूतीने म्हणाला. "एकशे चौदा. मृत ग्राहकाची तक्रार यंत्र आपोआप बंद करतं. कुटुंबाला त्रास नको म्हणून आम्ही कळवत नाही."

"बरं," लोवेल म्हणाला आणि मेजाची कड घट्ट धरली. त्याच्या आत त्या एकशे चौदा तक्रारी एकदम उठून उभ्या राहिल्या होत्या आणि दाराशी तीन शब्दांचा पहारा होता.

तेवढ्यात दहा वाजले आणि फडताळाजवळच्या पडद्यावर मार्व्हेल उगवली. तिने स्वयंपाकघर पाहिलं, अनोळखी तरुण पाहिला, लोवेलला व्हर्लिनच्या स्वेटरात पाहिलं, आणि तिचे हात हलू लागले: हा मुलगा कोण? लोवेलची मिशी कुठे गेली? ताई, तू लग्न केलंस की काय?

"किती स्वच्छ चित्र आहे," केंडल म्हणाला. "एकही झटका नाही. हेच दाखवायचंय आम्हाला. वर्गवारीचं यश."

"यात वर्गवारी नाही," आर्डिस म्हणाली. "ही जुनी योजना आहे."

"हो का?" केंडल जरा अडखळला, पण त्याच्या खात्यात अडखळण्याला मुभा नव्हती. "मग तर आनंदाचीच बातमी. जुन्या योजना या महिनाअखेर सगळ्यांच्याच संपताहेत, आमच्या वकिलांनी वाट काढलीय. पण साक्षीदारांसाठी अपवाद केलाय. सरांनी या जबानीवर सही केली की त्यांची योजना तहहयात चालू. भेट म्हणून."

त्याने कागद लोवेलपुढे सरकवला. मजकूर तोच होता, पंखांसकट, फक्त लांबवलेला. लोवेलने वहिनीकडे पाहिलं. आर्डिसने पडद्याकडे पाहिलं. त्या कागदावर एक सही, आणि मार्व्हेलचे हात कायम राहणार होते. व्हर्लिनला आता कुठे काय कळणार होतं? सही करायची, म्हणून तिने लोवेलकडे पेनसुद्धा सरकवलं.

कसला कागद आहे, मार्व्हेलने हातांनी विचारलं.

आर्डिस उत्तर देऊ लागली आणि थांबली. गोठ्यात जन्मलेल्या त्या भाषेत 'व्यवस्थापन' नव्हतं, 'कल्पक' नव्हतं, 'निवडस्वातंत्र्य' तर मुळीच नव्हतं. त्या भाषेत गाई होत्या, बादल्या होत्या, पाणी, थंडी, भूक आणि माणसं होती. तिने पुन्हा कागद वाचला, आतला अर्थ शोधला, आणि दोन्ही हातांनी जे होतं ते सांगितलं. पाण्याची एक डोणी. सगळ्या गाई तहानलेल्या. एकीला पिऊ देतात, बाकीच्यांच्या माना धरून ठेवतात.

कोण धरतं, मार्व्हेलने विचारलं.

आर्डिसने केंडलकडे बोट दाखवलं. तो कौतुकाने हसला.

आणि व्हर्लिन म्हणतो, हे बरं आहे?

मार्व्हेलचे हात तिथेच थांबले, हवेत, प्रश्नाच्या आकारात. चित्र गोठलं नव्हतं. ती थांबली होती.

आर्डिसने पेन परत घेतलं. "नाही," ती म्हणाली. तिला तो शब्द जिभेवर परका आणि थंड लागला. "सही होणार नाही. माझा नवरा सहा वर्षांपूर्वी वारला. हे त्याचे धाकटे भाऊ. तुम्ही आत्ता ज्यांचं सांत्वन केलंत, ते."

केंडलने लोवेलकडे पाहिलं.

"एकशे चौदा," लोवेल म्हणाला. बूच निघालं होतं. पुढची नऊ मिनिटं तो एकटाच बोलला. त्यातलं पहिलं वाक्य राउटरविषयी होतं आणि शेवटचं केंडलच्या आईवडिलांविषयी.

तो थांबल्यावर केंडल हलक्या आवाजात म्हणाला, "पण मॅडम, मी त्यांना हयात नोंदवलंय. नऊ वाजून छप्पन्न मिनिटांनी. फोटोसकट."

"खोडा मग."

"भेटीची नोंद एकदा वर गेली की खोडता येत नाही. ग्राहकाने स्वतः फोन करून कळवलं, की मी हयात नाही, तर..." त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं. मग कपातली कॉफी त्याने एका घोटात संपवली, सही नसलेला कागद उचलला आणि नाजूक बुटांनी बर्फात निघून गेला.

त्याच दुपारी आर्डिसने फडताळातून मृत्यूचा दाखला काढला, पाकिटात घातला आणि आयोगाच्या पत्त्यावर टपालात टाकला. लोवेल टपालपेटीपर्यंत सोबत आला होता.

"अजून हात घालून काढता येईल, वहिनी. माझा हात बारीक आहे."

"राहू द्या, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने मार्व्हेलला सगळं सांगितलं: नाव पुसलं जाईल, मग कंपनीला त्याचं मरण मान्य करावं लागेल, मग चित्र तुटू लागेल.  मार्व्हेलने व्हर्लिनची खूण केली, दोघींनी त्याच्यासाठी लग्नाच्या वर्षी ठरवलेली: तळहात आडवा धरून, बर्फ सारतात तसा, हळूच पुढे ढकलायचा. पूस त्याचं नाव, ती म्हणाली. आपण पत्रं लिहू. मला लिहिता येतं. तुझंच अक्षर वाईट आहे.

त्यानंतरची प्रत्येक सकाळ आर्डिसला शेवटची वाटे. ती पडद्यापुढे पाच मिनिटं आधीच बसे आणि बहिणीचे हात पाठ करून ठेवत असल्यासारखी पाहत राही. महिना संपला. आजोबांच्या योजना बंद झाल्याची बातमी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कळली. दोन्ही लुंडक्विस्ट घरं आणि खुद्द पाद्री तिसऱ्या रांगेत गेले होते. आर्डिसची लाइन मात्र सुरूच होती. मार्व्हेलची बोटं लोण्यासारखी फिरत होती.

उलगडा आयोगाच्या पत्राने झाला. ते असं होतं: दाखला मिळाला, तो कंपनीला दाखवण्यात आला. कंपनीने शपथेवर कळवलं आहे की श्री. टॉलेफ्सन हयात व सुखरूप असून कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यांना समक्ष भेटून त्यांच्यासोबत कॉफी घेतली आहे. फोटो सोबत जोडला आहे. तथापि श्री. टॉलेफ्सन यांचा विचार बदलल्याने कंपनी त्यांचं मत त्यांच्या वतीने मागे घेत आहे. सबब नाव यादीतून कमी केलं असून प्रकरण बंद करण्यात येत आहे.

लोवेलने ते दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांना कळलंय."

"सगळं कळलंय."

"तरी शपथ घेतली?"

"तो वारला असं ते म्हणाले, तर मेलेल्या माणसाच्या नावाने मत कोणी लिहिलं ते सांगावं लागेल. आणखी किती जणांच्या नावाने लिहिलं, तेही." आर्डिसने पत्राची घडी केली. "म्हणून तो जिवंत. आणि सही झाली नाही तरी त्यांच्या यादीत तो साक्षीदारच; साक्षीदारांना त्यांनी योजना तहहयात कबूल केली होती. आता याची लाइन तोडली तर का तोडली, ते लिहून द्यावं लागेल."

"आणि माझं काय?"

लोवेलला जिवंत व्हायला सात आठवडे लागले. त्याने चालकपरवाना पाठवला, डॉक्टरचं पत्र पाठवलं, पाद्र्याचं पत्र पाठवलं. अखेर कंपनीने त्याचं पुनरागमन मान्य केलं, नवा ग्राहक म्हणून अभिनंदन केलं, आणि तिसऱ्या रांगेच्या अगदी शेवटी उभं केलं. स्वेनबीत समान वागणूक मिळणारा एकच ग्राहक उरला होता, आणि तो चर्चच्या मागच्या टेकडीवर होता.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. केंडल होता. या वेळी आर्डिसने घसा खाकरला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातलं विमानतळावरचं हसू कुठेच नव्हतं, "तिमाही चौकशी करायची असते. टॉलेफ्सन सर कसे आहेत?"

"तो बोलत नाही."

"नाही, बोलायला नकोच. त्यांना उठवू नका. फक्त, प्रकृतीत काही बदल?"

"काही नाही. जसा होता तसाच आहे."

पलीकडे एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला. "तसेच राहू द्या त्यांना, मॅडम. तुमच्या पाया पडतो, तसेच राहू द्या."

"एवढी खात्री मी देऊ शकते," आर्डिस म्हणाली, आणि मार्व्हेल यायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.